‘गुंतू नका’ म्हणण्यापूर्वी

कीर्तनाच्या सेवेला उभा राहणारा नवा असो की जुना, त्याच्या तोंडी एक वाक्य हमखास येते. ‘माउली, प्रपंचात गुंतू नका.’ वाक्य आले की श्रोते मान डोलावतात, टाळकरी टाळ उचलतात, गजर होतो आणि निरूपण पुढे सरकते. काल्याचे कीर्तन होते, सप्ताह उठतो, श्रोता घरी जातो. घरी गाय हंबरत असते, सोसायटीचे कर्ज असते, नातवाला ताप असतो. तो पुन्हा त्या सगळ्यात शिरतो, आणि मनाच्या एका कोपऱ्यात ते वाक्य टोचत राहते. आपण गुंतलो, म्हणजे आपण चुकलो, असे त्याला वाटते.

पुष्कळ वर्षे नारदांच्या गादीवर उभे राहून सेवा केली. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून समोर बसून ऐकतो. बसून ऐकणाऱ्याला जे दिसते ते उभ्याने बोलणाऱ्याला दिसतेच असे नाही. मला दिसते ते असे, की ‘गुंतणे’ या शब्दाचा वापर अलीकडे फार सैल झाला आहे. संतांनी तोलून मापून वापरलेली कल्पना आपण छडीसारखी वापरतो. म्हणून आज याच एका शब्दाचा विचार करू. व्यवहारात तो कसा चालतो, संतांनी त्याची किती रूपे दाखवली, आणि व्यासपीठावरून तो उच्चारताना कोणते भान हवे, एवढेच पाहायचे आहे.

आधी घरातली बोली पाहा. सूत गुंतते. केस गुंततात. बैलाचा पाय दाव्यात गुंततो. पोर खेळात गुंतते. माणूस कामात गुंतलेला असतो, आणि ते आपण कौतुकानेही सांगतो. पैसा जमिनीत गुंतवला तर त्याला गुंतवणूक म्हणतात आणि गुंतवणूक करणारा शहाणा ठरतो. भावाभावांत वाटणीचा गुंता होतो. एखाद्याला खोट्या खटल्यात गोवतात. एखाद्याचे मन कोणात तरी गुंतते, आणि त्यातून लग्न ठरले तर उपरण्याला शालूची गाठ मारतात आणि सगळे गाव अक्षता टाकते. शब्द एकच. कुठे त्यात दोष आहे, कुठे गुण आहे, कुठे दोन्ही नाही, नुसती स्थिती आहे.

त्याच्या शेजारचे शब्दही बघा. हार गुंफतात, वेणी घालतात, माळ ओवतात, कांबळे विणतात, दोर वळतात. या सगळ्यांत एक धागा दुसऱ्यावरून जातो, खालून येतो, वेढा घेतो. गुंत्यातही नेमके तेच होते. आपल्या ‘ओवी’ला हे नाव ओवण्यावरून पडले असे जुनी मंडळी सांगत आली. संस्कृतात ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रंथी’ हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. एकाला आपण डोक्यावर घेऊन दिंडीत चालतो. दुसरी हृदयातली गाठ, ती सुटल्याशिवाय मोक्ष नाही असे उपनिषद सांगते. बांधणे एकच, त्यातून पोथीही होते आणि गाठही होते.

मग गुंता आणि गुंफण यांत फरक कोणता? कोणत्याही आजीला विचारा, ती पटकन सांगेल. गुंत्यात टोक सापडत नाही. हारात टोक कुठे आहे ते गुंफणाऱ्याला ठाऊक असते. तुळशीच्या माळेत एकशे आठ मणी असतात आणि मेरुमणी वेगळा असतो, तो एवढ्यासाठीच, की जपणाऱ्या बोटांना सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते डोळे मिटूनही कळावे. मेरू काढून टाका, माळ तीच राहील, पण बोटे भरकटतील.

आपल्या पखवाजाचेच घ्या. दोन्ही तोंडांच्या पुड्या चामड्याच्या वादीने एकमेकींना बांधलेल्या असतात. वादी इकडून तिकडे, तिकडून इकडे अशी सबंध खोडावरून फिरते. खाली गट्टे असतात. गट्टा ठोकला की वादी ताणते आणि स्वर चढतो. ती वादी कोणी ‘गुंतलेली’ म्हणून कापली, तर हाती लाकडाचे खोड आणि कातड्याचे दोन तुकडे राहतील. नाद राहणार नाही. उलट तीच वादी कोपऱ्यात ढीग होऊन पडली, तर उंदीर कुरतडण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. बांधलेपण दोन्हीकडे आहे. एकीकडे त्याला क्रम आहे, ताण आहे, हेतू आहे.

हे ध्यानात ठेवून ज्ञानेश्वरीकडे वळू. शके १२१२ मध्ये माउलींनी हा ग्रंथ सांगितला. त्यात अडकण्याचे जे दृष्टांत आले आहेत ते एकाच जातीचे नाहीत. कीर्तनात आपण ते सगळे एकाच टोपलीत टाकतो. ते वेगळे करून पाहिले पाहिजेत.

पहिला भुंग्याचा. पहिल्याच अध्यायात तो येतो. कोरडे लाकूड पोखरून आरपार जाणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत सापडतो. प्राण गेला तरी चालेल, पण ती पाकळी त्याला चिरवत नाही. हा दृष्टांत अर्जुनाच्या स्नेहाला दिला आहे. माउली इथे अर्जुनाची टर उडवत नाहीत, हे मुद्दाम लक्षात घ्या. उलट आधी त्याचा पराक्रम सांगतात. ज्याने प्रत्यक्ष शंकराशी झुंज घेतली, निवातकवचांना संपवले, तो हा वीर. त्याची शक्ती कमी पडली नाही. स्नेह इतका कोवळा, की तो कोवळेपणानेच कठीण झाला. भुंग्याला पाकळी तोडता येत नव्हती असे नाही, तोडवत नव्हती. ‘येत नाही’ आणि ‘वत नाही’ यांतले अंतर ज्याला कळते त्यालाच हा दृष्टांत सांगण्याचा अधिकार आहे.

दुसरा कोशकीटकाचा, म्हणजे रेशमाच्या किड्याचा. तो सहाव्या अध्यायात आहे. आपणच आपला बंधू आणि आपणच आपला वैरी, या गीतेच्या वचनावर तो आला. किडा स्वतःच्याच धाग्याने स्वतःभोवती घर बांधतो आणि आतच कोंडला जातो. इथे स्नेह नाही, कमळही नाही. इथे ‘मी’ आहे. माझे मोठेपण, माझे मत, माझी शिस्त असे म्हणत वेढ्यावर वेढा बसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण या जातीच्या गुंतण्यासाठी आहे.

तिसरा पोपटाचा, त्याच अध्यायात, लगोलग येतो. नळीवर पोपट बसला, त्याच्या भाराने नळी फिरली, तो उलटा झाला. भ्यायला आणि नळी घट्ट धरून बसला. त्याला कोणी बांधलेले नाही. पंख शाबूत आहेत, आकाश मोकळे आहे. पायांची पकड सैल केली की तो उडेल. पण आपण बांधले गेलो आहोत अशी शंका मनाने घेतली, आणि ती शंकाच त्याची दोरी झाली.

आता हे तिघे शेजारी ठेवा. भुंगा प्रेमाने अडकला, किडा अहंकाराने, पोपट भयाने. तिघांनाही आपण ‘गुंतला’ म्हणतो. पण तिघांचे औषध एक कसे असेल? किड्याला सांगायचे ते भुंग्याला सांगितले तर प्रेमाचा अपमान होतो. भुंग्याला सांगायचे ते पोपटाला सांगितले तर तो नळी आणखी घट्ट धरतो. कीर्तनात समोर पाचशे माणसे बसलेली असतात. त्यांत तिन्ही प्रकारचे असतात, आणि बहुधा एकाच माणसात तिन्ही असतात. त्यांना ‘गुंतू नका’ एवढेच सांगणे म्हणजे न तपासता सगळ्या गावाला एकच काढा पाजणे.

नाथबाबांनी या विचारात आणखी भर घातली. शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ ला, काशीत त्यांचे एकनाथी भागवत पूर्ण झाले. त्यात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. सातव्या अध्यायात कपोताची कथा आहे. कबुतराचे जोडपे, त्यांची पिले, पारध्याचे जाळे. पिले जाळ्यात सापडली, आई त्यांच्यामागे गेली, आणि शेवटी बापाने डोळ्यांदेखत उडी घेतली. ही कथा कीर्तनकारांची आवडती. ती रंगते, स्त्रिया डोळे पुसतात आणि बुवा म्हणतात, बघा, गुंतल्याचे फळ.

पण त्याच चोवीस गुरूंत नवव्या अध्यायात कोळीही आहे. तो स्वतःतूनच तंतू काढतो, त्याचे जाळे विणतो, त्यात खेळतो आणि पुन्हा तोच तंतू स्वतःत घेतो. हा दृष्टांत ईश्वराच्या सृष्टिकर्तृत्वाचा आहे, जीवाच्या प्रपंचाचा नाही, हे शास्त्र पाळूनच पुढे बोलतो. तरी ऐकणाऱ्याला त्यातून एक गोष्ट निश्चित कळते. विणणे हे बंधन नव्हे. किडाही विणतो, कोळीही विणतो. दोघांचा धागा स्वतःच्याच अंगातून निघालेला. किड्याचे टोक आत बंद झाले, कोळ्याचे टोक त्याच्याकडे राहिले. अवधूताने कबुतराला गुरू केले आणि कोळ्यालाही गुरू केले. आपण मात्र कबुतर सांगतो आणि कोळी सोडून देतो. अर्धे प्रमाण सांगणे हे खोटे सांगण्याइतकेच जोखमीचे असते.

आणि ज्यांनी हे लिहिले त्या नाथबाबांचे घर आठवा. पैठणला गिरिजाबाई, मुलगा हरिपंडित, मुली, येणारे-जाणारे, दाराशी आलेला उपाशी माणूस. घरात राहूनच त्यांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हेही गुंता सोडवण्याचेच काम होते. नकलांवर नकला होऊन पाठ एकमेकांत मिसळले होते. नाथांनी एकेक ओवी मोकळी करून जागेवर बसवली. कठीण वाटले म्हणून कापले नाही, आणि स्वतःची भर घातली नाही. पुढे कोणी माउलींच्या ग्रंथात आपली ओवी घालील, तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल, असा इशाराही देऊन ठेवला. गुंता कसा सोडवावा याचा याहून चांगला पाठ कुठे मिळेल?

आता ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातला दृष्टांत घेऊ, कारण सगळ्या विचाराचे टोक तिथे आहे. दोऱ्यात मणी ओवावेत तसे हे सर्व माझ्यात ओवलेले आहे, असे भगवंत अर्जुनाला सांगतात. यावर माउलींनी एक अशी गोष्ट घातली की ऐकणारा थक्क होतो. मणीही सोन्याचे आणि दोराही सोन्याचा. म्हणजे ओवणारा, ओवले जाणारे आणि ज्यात ओवले ते, सगळे एकच द्रव्य. एकदा हे पटले, की ‘प्रपंचात गुंतलो म्हणून देव दुरावला’ ही तक्रार कुठे उभी राहणार? लेकरू हा मणी आहे. शेत हा मणी आहे. अंथरुणाला खिळलेला म्हातारा बाप हा मणी आहे. आतून जाणारा दोरा दिसला तर ती माळ आहे. दोरा दिसला नाही तर मणी विखुरतात, आणि विखुरलेले मणी वेचता वेचता जन्म जातो.

हे निव्वळ वेदांताचे बोलणे वाटेल, म्हणून नामदेवरायांकडे जाऊ. त्यांची एकसष्ट पदे शीख बांधवांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. त्यांतले रामकली रागातले एक पद आपल्या कीर्तनांत यायला हवे तितके येत नाही. त्यातली चित्रे सांगतो. पोरगा कागदाचा पतंग करून उडवतो. सोबत्यांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीवर असते. मुली घागरी भरून येतात, हसतात, टाळ्या देतात, पण चित्त घागरीवर असते. गाय कोसभर नव्हे, पाच कोस लांब चरते, पण चित्त वासरापाशी असते. आई पाळण्यात बाळ ठेवून घरातली-बाहेरची कामे करते, पण चित्त बाळात असते. तसे माझे चित्त रामनामात आहे, असे नामदेवराय सांगतात.

या चित्रांकडे शांतपणे पाहा. पोराला गप्पा सोडायला सांगितलेल्या नाहीत. मुलींना हसू नका म्हटलेले नाही. गाईने चरणे बंद केलेले नाही. आईने काम टाकलेले नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट ही, की भगवंतावरच्या प्रेमाला उपमा दिली ती लेकरात गुंतलेल्या आईची. गुंतणे हे पाप असते तर नामदेवरायांनी त्याची उपमा नामाला दिली असती का? त्या पोराच्या हातात टोक आहे, म्हणून पतंग आभाळात आहे. टोक सुटले तर पतंग जातो, आणि टोक घट्ट आवळून ढील दिली नाही तरीही तो वर चढत नाही. धरणे आणि सोडणे दोन्ही एकाच हाताने करायचे असते.

तेरचे गोरोबाकाका मात्र या चित्राच्या दुसऱ्या टोकाला आहेत. नामात देहभान हरपले आणि पायाखालच्या मातीत रांगते लेकरू तुडवले गेले. ही कथा सांगताना आपण भक्तीची पराकाष्ठा सांगतो आणि पुढे जातो. पण संप्रदायाने ती कथा तिथे थांबवलेली नाही. पुढे देवाने ते लेकरू आईला परत दिले. परंपरेने एवढा भाग जपून ठेवला त्याला कारण आहे. नामाची किंमत म्हणून लेकरू घेणारा देव आपला नाही. जे नामात गेले ते नामाने परत आणले. कीर्तनात पहिला अर्धा भाग रंगवून सांगणाऱ्याने दुसरा अर्धा भागही तितक्याच जिव्हाळ्याने सांगावा. समोर मांडीवर मूल घेऊन बसलेल्या आया असतात.

आता शंका येईल. जाणता वारकरी विचारील, ‘बुवा, तुम्ही गुंतण्याला फार सवलत देता. पंधराव्या अध्यायात तर संसाररूपी अश्वत्थ असंगाच्या शस्त्राने तोडायला सांगितला आहे. त्याचे काय?’

शंका योग्य आहे. समाधान माउलींनीच करून ठेवले आहे. तो वृक्ष तोडायला सांगण्याआधी ते विचारतात, की पोराला भेवडावणारा बागुलबुवा हाकलायला का सैन्य लागते? आकाशात दिसणारे गंधर्वांचे गड पाडावे लागतात का? सशाचे शिंग मोडावे लागते का? जे मुळात नाहीच ते तोडायचे म्हणजे ते नाही असे कळणे. म्हणून ते शस्त्र ज्ञानाचे आहे. त्याने भ्रम तुटतो. त्या शस्त्राने म्हाताऱ्या आईशी असलेले नाते तोडा, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. आणि प्रत्यक्ष घडले काय ते पाहा. ज्या अर्जुनाला हा उपदेश झाला, तो अठराव्या अध्यायाच्या शेवटी रानात निघून गेला का? तो त्याच रथात, त्याच नात्यागोत्याच्या माणसांपुढे, त्याच धनुष्यासह उभा राहिला. मोह गेला आणि स्मृती आली, एवढेच बदलले. घोड्यांचे लगाम तेव्हाही भगवंताच्या हातात होते.

अरणचे सावतोबा याच वाटेचे. मळा सोडून ते कुठे गेले नाहीत. मोट, वाफे, भाजीपाला यांतच त्यांनी विठ्ठल पाहिला. म्हणून आजही पंढरीहून देवाची पालखी अरणला त्यांच्या भेटीला जाते. मळ्यात गुंतलेल्या माळ्याकडे देव स्वतः चालत जातो, हे आपण दरवर्षी पाहतो आणि व्यासपीठावर आलो की विसरतो.

हे सगळे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सप्ताहात, कीर्तन आटोपल्यावर, पन्नाशीची एक बाई मंडपाच्या खांबाशी थांबली होती. गर्दी सरल्यावर पुढे आली. दुपारच्या कीर्तनात कोणी तरी ‘गुंतलेल्याला पंढरी नाही’ अशा अर्थाचे बोलून गेले होते. ती म्हणाली, ‘महाराज, सासूबाई अंथरुणाला खिळल्याला तीन वर्षं झाली. त्यांचं सगळं मीच करते. तीन वाऱ्या चुकल्या. देव म्हणत असंल का, ही गुंतली म्हणून?’ मी तिला विचारले, ‘माउली, सासूबाईंचे करताना तोंडात काय असते?’ ती म्हणाली, ‘त्यांनाच आवडतो म्हणून हरिपाठ म्हणते. आधी त्या संगं म्हणायच्या, आता नुसते ओठ हलवतात.’ मी तिला म्हणालो, ‘वारी तुमची चुकली नाही, तुमच्या घरी मुक्कामाला आली आहे.’ तिच्या डोळ्यांत पाणी आले. त्या पाण्यात भक्ती होती, तसे तीन वर्षे वाहिलेले ओझेही होते. ते ओझे तिच्यावर सासूने घातले नव्हते, प्रपंचाने घातले नव्हते. ते एका ढिल्या शब्दाने घातले होते.

शब्दाने माणूस मोकळा होतो तसा बांधलाही जातो. ‘गुंतू नका’ हे वाक्य चुकीच्या माणसाच्या कानात गेले तर तेच एक नवी गाठ होऊन बसते. शिवाय ज्याला खरोखर सुनवायला हवे तो ते ऐकतच नाही. ज्याने भावाची जमीन गिळली, ज्याने हुंड्यासाठी सून छळली, तो पहिल्या रांगेत बसून मान डोलावतो, कारण ‘प्रपंच’ हा शब्द त्याला स्वतःला उद्देशून वाटतच नाही. त्याला किड्याचा दृष्टांत सांगायला हवा, आणि तो नाव न घेता पण नेमका सांगायला हवा. मोघम बोलण्याने सोशिक माणूस टोचला जातो आणि निगरगट्ट सुटतो. निरूपणाचा हा मोठा दोष आहे.

मग सांगायचे कसे? याचे उत्तर मला जनाबाईंच्या अभंगात सापडते. तुळशीच्या बनात जनी वेणी उकलते आहे, आणि देव हातात लोणी घेऊन तिचे डोके चोळतो आहे, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. जनीला दुसरे कोणी नाही, म्हणून देवच पाणी घालतो. गंगाखेडची पोर, नामदेवरायांच्या घरी दळण-कांडण, शेण-गोठा करणारी. दिवसभर कष्ट करणाऱ्या बाईच्या केसांचे काय होत असेल ते बायकांना सांगायला नको. त्या गुंत्याला देवाने हात लावला.

ज्या आईने लेकीचे केस विंचरले आहेत तिला गुंता सोडवण्याची रीत ठाऊक असते. गुंता मुळाकडून ओढायचा नसतो. मुळाकडून ओढला तर केस तुटतात आणि पोर रडते. आधी तेल किंवा लोणी लावायचे. मग टोकाकडून फणी घालायची. टोकाचा थोडा गुंता सुटला की जरा वरून, मग आणखी वरून. शेवटी फणी मुळापासून टोकापर्यंत सरळ उतरते आणि पोरीला कळतही नाही. आणि केस मोकळे झाल्यावर आई ते तसेच सोडते का? ती त्यांची वेणी घालते. म्हणजे पुन्हा गुंफते. सोडवणे हे गुंफण्यासाठीच होते.

व्यासपीठावरून ‘प्रपंच सोडा’ म्हणणे हे मुळाकडून ओढणे आहे. श्रोत्याच्या रोजच्या एका लहान गोष्टीला हात घालणे हे टोकाकडून विंचरणे आहे. ‘सकाळी दूध काढताना हरिपाठाचे दोन अभंग म्हणा’ हे टोक आहे. ‘भावाशी बोलणे टाकले असेल तर एकादशीच्या आधी त्याच्या घरी जाऊन या’ हे टोक आहे. ‘मुलाच्या लग्नात ऐपतीबाहेर खर्च करू नका’ हेही टोक आहे, आणि अवघड आहे. त्याआधी लोणी हवे, म्हणजे बोलण्यात जिव्हाळा हवा. कोरड्या फणीने कोणाचाच गुंता सुटलेला नाही.

नव्या कीर्तनकारांना, आणि घरी चार माणसांत ग्रंथ वाचणाऱ्या वारकऱ्यांनाही, माझे एवढेच मागणे आहे. ‘गुंतू नका’ हे वाक्य ओठांवर आले की क्षणभर थांबा. समोरचा भुंगा आहे, किडा आहे की पोपट आहे, ते बघा. प्रेमाने अडकलेल्याला त्या प्रेमातला दोरा दाखवा. अहंकाराने अडकलेल्याला त्याचे स्वतःचेच वेढे मोजून दाखवा. भयाने अडकलेल्याला दरडावू नका, पंख आहेत एवढी आठवण द्या. आणि मग प्रमाण सांगा. तुमच्याकडे ज्ञानेश्वरी आहे, भागवत आहे, गाथा आहे. त्यात कबुतर आहे आणि कोळीही आहे.

श्रोत्यांनाही एक विनवणी. आपण गुंतलो का, हा प्रश्न रात्री अंथरुणावर पडला की स्वतःला अवश्य विचारा. तो विचारलाच पाहिजे. पण उत्तर शोधताना किती माणसांशी बांधले गेलो ते मोजू नका. दिवसभराच्या धावपळीत दोऱ्याचे टोक एकदा तरी हाताला लागले का, तेवढे आठवा. लागले असेल तर झोपा निवांत. लागले नसेल तर गळ्यातली माळ हातात घ्या आणि मेरुमण्यापासून पुन्हा सुरुवात करा.

रामकृष्ण हरी.